दादरचा जुना एक, नवा आठ

दादरचा मधला पूल चढून पश्चिम रेल्वेकडून मध्य रेल्वेकडे जायला लागलं की एक टप्पा असा येतो जिथे माणसं थबकतात. रोजचे थबकत नाहीत. ते मोबाइलमधून मान वर न काढता बरोबर आपल्या जिन्याला लागतात. थबकतो तो नवखा, किंवा दोन-चार महिन्यांनी एकदा येणारा. मान वर जाते, फलकावरून नजर फिरते, तेवढ्यात कुठूनतरी अनाउन्समेंट सुरू होते म्हणून डोकं तिरकं होतं. मागून कुणाचा तरी खांदा लागतो, "चला ना पुढे" ऐकू येतं आणि माणूस पुढे सरकतो. कुठे जायचं ते ठरलेलं नसतं. धक्का बसला म्हणून पावलं पडलेली असतात.

हे प्रकरण त्या टप्प्याबद्दल आहे. मी इमारतींमधल्या दिशादर्शक फलकांचं काम करते: दवाखाने, कार्यालयं, मोठी संकुलं. या कामात वर्षानुवर्षं डोळ्याचाच विचार होतो. अक्षर किती मोठं, बाण कुठे, रंग कोणता. आवाजाचं खातं वेगळ्या माणसाकडे, वेगळ्या कंत्राटात. पण वाट शोधणारा माणूस एकच असतो आणि तो डोळे व कान दोन्ही घेऊन चालतो. ते दोन्ही मिळून त्याला काय सांगतात, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत स्वच्छ उदाहरण दादरचं आहे, कारण तिथे एका दिवसात आकडे बदलले.

आधी आकड्यांची गोष्ट. दादर म्हणजे एका नावाखाली नांदणारी दोन स्थानकं. पश्चिमेला फूलबाजाराच्या बाजूने पश्चिम रेल्वे, पूर्वेला स्वामीनारायण मंदिराच्या बाजूने मध्य रेल्वे. पूल दोघांना जोडणारे, पण कारभार वेगळा, म्हणून दोन्हीकडे फलाट एकपासून मोजलेले. पश्चिमेचा एक नंबर वेगळा, मध्यचा एक नंबर वेगळा. दोन वेगळे तीन, दोन वेगळे चार. दादरला कुणाला भेटायचं ठरलं की "कुठला चार, वेस्टर्नचा की सेंट्रलचा?" हा प्रश्न ठरलेलाच. ९ डिसेंबर २०२३ पासून हे बदललं. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले. मध्य रेल्वेचा दोन नंबर एक नंबर रुंद करण्यासाठी आधीच बंद झाला होता. उरलेल्या सात फलाटांना आठ ते चौदा असे आकडे मिळाले. जुना एक झाला आठ, जुना तीन झाला नऊ, जुना चार दहा, आणि असंच शेवटच्या आठपर्यंत, जो आता चौदा आहे.

हा बदल बहुतेकांनी फलकांचा बदल म्हणून पाहिला. मला तो आवाजाचा बदल वाटतो. फलक जिथे लावला तिथेच राहतो. मध्य रेल्वेच्या जिन्यावर लिहिलेला '१' पश्चिम रेल्वेच्या जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, म्हणून डोळ्याच्या हिशेबाने दोन वेगळे 'एक' असण्यात फार बिघडत नव्हतं. आवाज मात्र रूळ ओलांडून जातो. "फलाट क्रमांक एक वर येणारी गाडी" हे शब्द पुलावर आले की ते कुठल्या रेल्वेच्या कर्ण्यातून आले, हे त्या शब्दांत कुठेच नसायचं. रोजचा प्रवासी ते आवाजाच्या धाटणीवरून, पुढे येणाऱ्या गावाच्या नावावरून ओळखायचा. कल्याण म्हटलं की मध्य, विरार म्हटलं की पश्चिम. ज्याला कल्याण कुठल्या मार्गावर आहे हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो आकडा निरुपयोगी होता, कधीकधी निरुपयोगीपेक्षाही वाईट. वेगळा आकडा दिल्यामुळे ऐकलेला शब्द स्वतःच्या पायावर उभा राहिला. "दहा" म्हणजे दादरमध्ये आता एकच जागा.

हे कागदावर पटतं. प्रत्यक्ष माणूस त्या पुलावर काय करतो हे बघायला मी जानेवारी २०२४ मधल्या एका सकाळी माझ्या आत्याबरोबर गेले. आत्या सातारची, अडुसष्ट वर्षांची, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त. डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं, चष्मा दुहेरी भिंगांचा. बोरिवलीहून माझ्या घरून निघून तिला मुलुंडला धाकट्या आत्याकडे जायचं होतं. दादरला उतरायचं, पूल ओलांडायचा, मध्य रेल्वेची धीमी लोकल धरायची. हा प्रवास तिने पूर्वी चार-पाच वेळा केला आहे, पण दर वेळी कुणीतरी सोबत होतं. आम्ही ठरवलं की मी दहा पावलं मागे राहीन आणि काहीही सांगणार नाही. नंबर बदललेत एवढं तिला सांगितलं होतं, कुठला काय झाला ते नाही. आणि तिने मनात येईल ते मोठ्याने बोलत जायचं. हे तिला सांगावंच लागलं नाही. चाळीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलेली बाई फलक दिसला की मोठ्याने वाचतेच.

तिच्या पर्समध्ये एक छोटी डायरी आहे. त्यात माझ्या वडिलांच्या अक्षरात खूप पूर्वीची ओळ: "दादरला उतरणे. पूल. सेंट्रलचा १ नंबर (वेस्टर्नचा नाही). मुलुंड स्लो." कंसातल्या शब्दांखाली दोन रेघा.

गाडीतून उतरताना डोळ्यांचा काही संबंध आला नाही. "पुढील स्टेशन दादर" ऐकलं तेव्हा ती उठली होती, पण दाराकडे वळली ती लेडीज डब्यातल्या बायका उठून रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा. शब्द ऐकून तयारी आणि माणसं बघून हालचाल. हे पुढेही दिसत राहिलं. फलाटावर पाय ठेवल्यावर तिने वर बघितलंच नाही. समोरच्या बाईच्या चपला, मग जिन्याची पहिली पायरी, मग कठडा. गर्दीत वयस्कर माणसाची नजर जमिनीवर असते, कारण पडण्याची भीती वाट चुकण्याच्या भीतीपेक्षा मोठी असते. डोक्यावर सुंदर फलक टांगणाऱ्या आम्हा लोकांना हे कुणी शिकवत नाही. जिन्याच्या पायथ्याशी लावलेला फलक तिच्यासाठी नव्हताच. तिने तो वाचला नाही.

पुलावर आल्यावर मात्र मान वर गेली. श्वास घ्यायला ती कडेला थांबली आणि वाचायला लागली. "हे एक, हे दोन... वेस्टर्न असणार. मग सेंट्रलचा एक कुठाय?" डायरी बाहेर आली. पुढे चालत जाऊन दुसरा फलक. "आठ. नऊ. दहा. अगं, एक कुठे गेला?" मी गप्प. इथे ती थांबली. नेमकी त्याच टप्प्यात, जिथे सगळे थांबतात.

त्या वेळी तिच्या कानावर काय पडत होतं ते लिहिते, कारण मीही तिथेच होते. पुलाखालून एक गाडी सुटत होती, तिचा चढत जाणारा घोंघाट. उजवीकडून पश्चिम रेल्वेची उद्घोषणा संपत आली होती, डावीकडून मध्य रेल्वेची सुरू झाली होती. शेजारून जाणाऱ्या मुलांच्या फोनवर गाणं. खालच्या फलाटावरून फेरीवाल्याची हाळी. आणि या सगळ्यात मध्य रेल्वेची ती उद्घोषणा एका कर्ण्यातून येत नव्हती. फलाटावर ओळीने कर्णे असतात, आणि बारा डब्यांच्या गाडीसाठी फलाट सुमारे अडीचशे मीटर लांब लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बोलण्याचा आवाज सुमारे ५० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा आला की कानाला तो दुसरा, वेगळा आवाज म्हणून जाणवायला लागतो. म्हणजे तुमच्यापासून एक कर्णा जवळ आणि दुसरा त्याहून सतरा मीटर लांब असला की एकच शब्द एकावर एक चढायला लागतो. पुलावर उभ्या माणसाला असे तीन-चार कर्णे वेगवेगळ्या अंतरांवरून ऐकू येतात. शब्दांच्या कडा झिजतात, मधला स्वर तेवढा उरतो.

आता मराठी आकडे म्हणून बघा. सात आणि आठ. दोन्हींत उरतो तो "आ". 'सात'मधला 'स' हा उंच पट्टीचा, सळसळणारा आवाज, आणि कर्ण्यातून नेमकी तीच उंच पट्टी नीट येत नाही. 'स' गेला की 'सात'चं 'आत' होतं. 'आत' आणि 'आठ'मध्ये घोंघाटात फरक कुणी काढावा? आत्याने डोकं तिरकं करून उजवा कान पुढे केला आणि मला विचारलं, "सात म्हणाली की आठ?" मी उत्तर दिलं नाही. मग हिंदी उद्घोषणा झाली. हिंदीतही सात आणि आठच, म्हणून काही सुटलं नाही. तिसऱ्यांदा इंग्रजी आली, "एट", आणि आत्याचा चेहरा मोकळा झाला. "आठ! कल्याण म्हणाली ना? स्लो? मग मुलुंड त्यातच." तिने पुन्हा फलकावरच्या आठाकडे बघितलं आणि जिन्याकडे वळली.

मला या क्षणाने फार अस्वस्थ केलं. आयुष्यभर मुलांना मराठी अंक शिकवणाऱ्या बाईला आपल्या भाषेतला आकडा इंग्रजीने सोडवून द्यावा लागला. यात कुणाचा दोष दाखवायचा नाही. आकडे बदलताना पश्चिमेचा शेवटचा सात आणि मध्यचा पहिला आठ शेजारी आले, ते मोजणीच्या ओघात आपोआप आले. पण फलकाच्या कागदावर '७' आणि '८' अजिबात सारखे दिसत नाहीत. मग ते ऐकायला सारखे आहेत हे फलक बघून कसं कळणार? आकडा ठरवताना तो एकदा मोठ्याने, गोंगाटात, तिन्ही भाषांत म्हणून बघायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

असाच दुसरा एक गुंता नव्या मोजणीत आला आहे. मध्यचे फलाट आठपर्यंतच होते तेव्हा डब्यांची संख्या आणि फलाटाचा आकडा कधी एकमेकांच्या वाटेत येत नसत. आता बारा नंबरचा फलाट आहे आणि बारा डब्यांची गाडीही आहे. उद्घोषणेत दोन्ही आकडे येतात. इंडिकेटरवर डब्यांसाठी '१२' झळकतो. इंडिकेटर वाचायची सवय असलेला माणूस कुठल्या घरात कुठली माहिती येते हे जाणतो. नसलेल्याला एक मोठा बारा दिसतो आणि एक बारा ऐकू येतो, आणि दोन्ही जुळले म्हणून तो निर्धास्त होतो. जुळलेल्या दोन गोष्टींवर माणूस सर्वांत पटकन विश्वास ठेवतो. त्या चुकीच्या जुळल्या असतील तर तो विश्वास मोडायला फार वेळ लागतो.

डोळा आणि कान यांच्यात तंटा झाला तर कोण जिंकतं, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालेलं आहे. १९७४ मध्ये फ्रान्सिस कोलाविटा यांनी दाखवलं की दिवा आणि आवाज एकाच क्षणी दिले तर लोक बहुतेक वेळा फक्त दिव्याला प्रतिसाद देतात. आवाज झाला हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांचा प्रसिद्ध प्रयोग आला: कानावर "बा" पडतं, पडद्यावरचे ओठ "गा" म्हणतात, आणि बघणाऱ्याला ऐकू येतं "दा". म्हणजे डोळा कानाला नुसता हरवत नाही, ऐकलेलंच बदलून टाकतो. प्रयोगशाळेतलं हे ज्ञान पुलावर जसंच्या तसं लागू होत नाही, कारण तिथे डोळ्यासमोर स्वच्छ पडदा नसतो, समोरच्याची पाठपिशवी असते. माझ्या निरीक्षणात दादरला डोळा जिंकतो तो फलकामुळे नाही. डोळा जिंकतो तो माणसांच्या पाठींमुळे.

आत्याच्या बाबतीत हे आठ नंबरच्या जिन्याच्या तोंडाशी दिसलं. ती आठाचा फलक वाचून तिथे पोचली होती, वाट बरोबर होती, घाई नव्हती. तेवढ्यात खालून गाडी शिरल्याची धडधड आली. पुलावर ती कानाला ऐकू येते तशी तळपायालाही जाणवते. आणि आसपासचे दहा-पंधरा जण धावले. त्यांतल्या निम्म्यांना तरी गाडी कुठली हे माहीत नसावं, कारण जिन्याच्या तोंडाशी उभं राहून इंडिकेटर दिसत नव्हता. काही जिन्यावरून खाली गेले, काही पुढच्या जिन्याकडे पळाले, कारण आवाज नेमका कुठल्या फलाटावरून येतोय हे पुलावर सांगताच येत नाही. आत्याही दोन पावलं त्या ओघात पुढच्या जिन्याकडे गेली. वाचलेला आठ, ऐकलेला आठ, दोन्ही तिच्याकडे होते. तरी गाडीचा आवाज आणि पळणाऱ्या पाठी एकत्र आल्या आणि त्या दोघांनी मिळून तिला तिच्या माहितीपासून ओढून नेलं. मग तिने कठडा धरला, थांबली आणि म्हणाली, "जाऊ दे, मागून दुसरी येईल." गाडी निघून गेली. पूल मोकळा झाला. तिने मागे वळून पुन्हा आठ वाचला आणि सावकाश उतरली.

या दोन पावलांवर मी नंतर खूप विचार केला. इतर सगळ्या थांब्यांवर आत्या दोन साक्षी जुळेपर्यंत थांबत होती. इथे थांबली नाही, कारण आवाज आणि दृश्य या वेळी जुळलेले होते, फक्त ते वाट सांगत नव्हते, घाई सांगत होते. घाईचा संदेश वाटेच्या संदेशाच्या वरचढ ठरतो आणि त्याला भाषा लागत नाही. म्हणूनच तो सगळ्यांत वेगाने पसरतो.

त्याचं सर्वांत दुःखद रूप दादरपासून फार लांब घडलेलं नाही. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी, आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. जोराचा पाऊस होता, छपराखाली थांबलेली माणसं जिन्यावर दाटली होती, मागून गाड्यांची गर्दी येत होती. चौकशीत एका जखमी मुलीने सांगितलेली गोष्ट तेव्हा छापून आली होती: कुणीतरी "फूल गिर गया" ओरडलं आणि लोकांनी "पुल गिर गया" ऐकलं. ती गर्दी एका शब्दाने मेली असं म्हणणं अन्यायाचं होईल. जिना अरुंद होता आणि माणसं त्याच्या क्षमतेच्या कितीतरी पलीकडे होती. पण तो शब्द तसा का ऐकला गेला हे समजतं. डोळ्यासमोर दाटलेला पूल, अंगावर दाब, कानावर अर्धा तुटलेला शब्द. डोळ्याने आधीच "पूल" म्हटलं होतं, कानाने फक्त री ओढली.

याच्या उलट बाजूचं एक काम इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात झालेलं आहे आणि ते मला नेहमी आठवतं. तिथल्या टाइन अँड वेअर मेट्रोच्या मॉन्युमेंट स्थानकावर गिलेन प्रू आणि जोनाथन साइम या संशोधकांनी स्थानक रिकामं करण्याच्या पाच चाचण्या केल्या. निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती धोक्याची घंटा वाजवली तेव्हा पंधरा मिनिटं होत आली तरी स्थानक पूर्ण रिकामं झालं नव्हतं. लोक घंटा ऐकत उभे होते. जेव्हा नियंत्रण कक्षातल्या माणसाने कॅमेऱ्यातून लोकांना बघत, काय झालंय आणि कुणी कुठल्या बाजूने जायचं ते जिवंत आवाजात सांगितलं, तेव्हा सहा मिनिटांच्या आत स्थानक मोकळं झालं. बोलणाऱ्याला समोरची माणसं दिसत होती, म्हणून त्याचं बोलणं ऐकणाऱ्याला दिसत असलेल्या जागेशी जुळत होतं. ठरावीक साच्यात जोडलेल्या उद्घोषणेला पुलावर कोण कुठे अडकलंय हे दिसत नाही. दादरसारख्या ठिकाणी गर्दीच्या दोन तासांत मधल्या पुलासाठी एक बोलणारा माणूस आणि त्याच्यासमोर एक कॅमेऱ्याचा पडदा असावा, असं मला मनापासून वाटतं. नवीन पुलापेक्षा ते स्वस्तही आहे.

आणखी एक आवाज सांगायलाच हवा, कारण तो या सगळ्यांत शहाणा आहे. मुंबईच्या उपनगरी फलाटांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे एक छोटं यंत्र सतत टीं-टीं करत असतं. दृष्टिहीन प्रवासी त्या आवाजाच्या दिशेने चालत जातो आणि बरोबर जागी उभा राहतो. तो आवाज काहीच सांगत नाही, "मी इथे आहे" याशिवाय. पण जे सांगतो ते जागेवरूनच सांगतो. कर्ण्यातली उद्घोषणा आठ नंबरबद्दल बोलते, पण ती आठ नंबरवरून येतेय असं कानाला जाणवत नाही. आठ नंबरच्या जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या एका लहान स्पीकरमधून फक्त आठ नंबरचीच गाडी सांगितली गेली तर आवाज स्वतःच बाण होईल. त्याच चौकटीत वर इंडिकेटर असला, म्हणजे पायऱ्या उतरण्याआधी गाडी कुठली हे दिसलं, तर धडधड ऐकून धावणाऱ्यांतले निम्मे तरी धावणार नाहीत. सध्या हा निर्णय माणूस जिन्याच्या वर घेतो आणि त्याला लागणारी माहिती जिन्याच्या खाली मिळते.

उद्घोषणेच्या वाक्याबद्दलही एक सुचवावंसं वाटतं. फलाटाचा आकडा वाक्याच्या सुरुवातीला येतो, म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष जागं व्हायच्या आतच निघून जातो. गावाचं नाव ऐकल्यावर माणूस कान टवकारतो, तोवर आकडा गेलेला असतो. शेवटी तो पुन्हा एकदा यावा, डब्यांच्या आकड्यापासून लांब. जिथे सात-आठचा घोळ आहे तिथे "आठ, मध्य रेल्वे" एवढे दोन शब्द जोडले तरी पुरे.

पुन्हा आत्याकडे. आठ नंबरवर उतरल्यावर तिला बाकावर जागा मिळाली. इंडिकेटर समोर होता, तरी तिने शेजारच्या स्टॉलवरच्या माणसाला विचारलंच, "मुलुंडची स्लो इथेच ना हो?" हे मी सगळीकडे बघते. वाचलं, ऐकलं, तरी माणूस शेवटी माणसाला विचारतो, कारण माणूस हाताने दाखवतो आणि तोंडाने सांगतो, दोन्ही एकाच वेळी, एकाच जागेवरून. तो म्हणाला, "इथेच आजी, एक नंबरला." आणि वर बोट केलं. बोटाच्या टोकाला '८' लिहिलेला फलक होता.

आत्याने फलकाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तो आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. तिने पर्समधून डायरी आणि पेन काढलं. वडिलांच्या ओळीतल्या '१'वर काट मारली, वर '८' लिहिलं, कंसातल्या "वेस्टर्नचा नाही"वर आडवी रेघ ओढली. मग थोडं थांबून कडेला बारीक अक्षरात लिहिलं, "विचारल्यास लोक जुना १ सांगतात." उद्घोषणा पुन्हा सुरू झाली. या वेळी ती खाली होती, कर्णा जवळ होता, "आठ" स्वच्छ ऐकू आलं. ती उठून रांगेत उभी राहिली.